हाकेच्या अंतरावर

डोंगरातल्या उतारावर सायकलवरून पडलो आणि घोटा मोडला. तेव्हापासून पाय प्लास्टरमध्ये आणि मी बाल्कनीत. आपलं जग एवढंसं होऊन बसलंय, याचा रोज नव्यानं राग येतो.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सुनंदाकाकू पळतात. ओढणी कमरेला बांधलेली, पायात मुलाचे जुने बूट. उभ्या गाड्यांमधून वाट काढत त्या फेऱ्या मारतात. मधेच पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून काकांची हाक येते, "सुनंदाऽ!" अर्धांगवायूनं काका अंथरुणाला खिळलेत. "आहे हो, इथंच आहे," असं धापा टाकत सांगून काकू पुन्हा पळू लागतात.

काल मी वरून विचारलं, "काकू, टेकडीवर का नाही जात? छान मोकळी हवा असते."

"तिथं यांची हाक ऐकू येत नाही रे," त्या म्हणाल्या.

पळणं म्हणजे सुटणं, असंच मी समजत आलो होतो. माझं प्लास्टर तर महिन्याभरात निघेल.

आज मात्र हाक येईना. काकूंचा वेग हळूहळू कमी झाला. शेवटी खिडकीखाली थांबून त्या वर बघत राहिल्या. मीही कठडा घट्ट धरला.

"सुनंदाऽ!"

"आहे हो," म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. ओढणीनं त्यांनी तोंड पुसलं आणि त्या पुन्हा गाड्यांमधून धावत सुटल्या, एवढ्या जोरात की मी त्यांना तसं पळताना कधी पाहिलंच नव्हतं.