ब्लीचने उमटलेले डाग

"हे काय आहे, सांगा," म्हणत मेट्रनबाईंनी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरींचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला. टेस्ट ट्यूबचा स्टँड थोडक्यात वाचला.

मी वरची चादर उलगडली. धुतलेली, इस्त्री केलेली. आणि मधोमध तपकिरी डाग. काही बोटाएवढे, काही तळहाताएवढे. त्यांना ठळक कडा नव्हत्या. जुन्या नकाशातल्या बेटांसारखे ते कापडात विरत गेले होते. मी जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन.

"तुमचा महादेव खर्रा खाऊन टाक्यात थुंकतो," बाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी एका ट्रस्टचं चाळीस खाटांचं रुग्णालय होतं. मी तिथे लॅब टेक्निशियन. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती म्हणून स्टोअर माझ्याकडे, आणि ब्लीचिंग पावडर स्टोअरमधून जाते म्हणून लाँड्रीही माझ्याकडे. लाँड्री म्हणजे महादेवभाऊ. पिढीजात वरठी, म्हणजे धोबी. पंधरा वर्षं तिथेच. लाँड्रीमागच्या दोन खोल्यांत बायको आणि दोन मुलींसह राहायचे. खर्रा मात्र खायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला तो प्रकार आमच्याकडे कुणाच्या गालात नसतो असं नाही.

व्यवस्थापकांनी मला बोलावलं. "शनिवारपर्यंत डाग थांबले पाहिजेत. नाहीतर कपडे वर्ध्याच्या लाँड्रीला देऊ. मग महादेवचं काम संपलं आणि खोल्याही रिकाम्या कराव्या लागतील."

तो दिवस मंगळवार होता.

लाँड्रीत गेलो की मला नेहमी वेळेचं भान सुटायचं. भट्टीची वाफ छतापर्यंत चढलेली असायची. सोड्याचा वास. बाहेर दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, आणि वारा आला की सगळ्या एकदम फुगायच्या. रुळांवरून मालगाडी जायची, तिचा आवाज त्या चादरींत अडकून मऊ होऊन यायचा.

महादेवभाऊ ओट्यावर बसून होते. मला पाहून उठले नाहीत.

"तुमी बी हेच विचाराले आले का जी?"

"नाही. डाग कधीपासून पडतात ते विचारायला आलो."

"महिना झाला असन. पह्यले बारीक होते. मी पावडर वाढवली. मंग मोठे झाले. अजून वाढवली, त अजून मोठे." त्यांनी पिंक टाकायला अंगणाच्या टोकापर्यंत चालत जाऊन दाखवलं. परत येऊन म्हणाले, "पंधरा वर्सं तिकडेच थुकून राह्यलो. आता टाक्यात थुकीन काऊन? थ्या पाण्यात माह्ये हात असते ना दिवसभर!"

जेवढी पावडर जास्त, तेवढा डाग मोठा. त्यांनी उत्तर माझ्या हातात दिलं होतं. मी ते ऐकलं आणि पुढे गेलो. शिकलेल्या माणसाचं असं होतं.

ब्लीचिंग पावडर काय करते, ते थोडक्यात सांगतो. ती डाग काढते हा आपला समज आहे. खरं तर ती डागाचा रंग मोडते. रंग दिसतो तो पदार्थाच्या रेणूतल्या एका विशिष्ट जोडणीमुळे. पावडरमधला क्लोरीन ती जोडणी तोडतो. पदार्थ कापडात राहिलाच तरी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं कुणी क्लोरीनवर संशय घेत नाही.

मी पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने गेलो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर गंजाचे डाग पडतात. गंज ऑक्झॅलिक ॲसिडने जातो. हे गेले नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवले, किंचित फिकट झाले इतकंच. राहिला खर्रा. सुपारीचा रंग म्हणजे टॅनिन, चहातही तेच असतं. ते क्लोरीनपुढे टिकत नाही. पण हे मेट्रनबाईंना तोंडी कोण पटवणार?

गुरुवारी सकाळी मी त्यांना लाँड्रीत बोलावलं. महादेवभाऊंपुढे पांढरा फडका धरला.

"थुंका."

"बाईसमोर?"

"बाईंसाठीच."

ते लाजले. मग म्हणाले, "पंधरा वर्सांत पह्यल्यांदा सरकारी थुकून राह्यलो." आणि थुंकले. बाईंनी पदर नाकाला लावला. मी फडका पावडरच्या कोमट पाण्यात बुडवला. अर्ध्या तासात लाल डाग उतरून फिकट पिवळी छटा उरली. शेजारच्या भांड्यात त्याच पाण्यात ठेवलेल्या चादरीचा डाग मात्र जराही हलला नाही.

"म्हणजे खर्रा नाही," मी म्हणालो.

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

"शनिवार परवा आहे," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

महादेवभाऊंची बायको दारातून सगळं पाहत होती. तिने दोरीवरची मुलींचे फ्रॉक काढून घड्या घालायला सुरुवात केली. ते कपडे अजून ओले होते.

पुढचा भाग खरं तर माझ्या पत्नीने, कुसुमने सांगायचा. ती असती तर तिने मला हे लिहायला बसूच दिलं नसतं. "तुम्ही मधेच खिडकीबाहेर पाहता," म्हणाली असती. तिला जाऊन चार महिने झाले. त्यामुळे मी खिडकीबाहेर पाहत पाहत लिहितो आहे, आणि वेळ लागतो आहे.

कुसुम त्याच रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होती. आपले ॲप्रन लाँड्रीत न देता घरी धुवायची. साबण, नीळ आणि ऊन, एवढंच. त्या गुरुवारी दुपारी मी घरी आलो तेव्हा तिचा ॲप्रन अंगणात वाळत होता. उन्हात इतका पांढरा, की डोळे मिटावे लागले. मिटलेल्या डोळ्यांमागे तो काळा होऊन तरंगत राहिला. तेव्हा हळूच मनात आलं, हा ॲप्रन रोज त्याच वॉर्डात असतो. यावर एकही डाग कसा नाही?

"याला पावडर लावतेस?"

"मी? छे. हात जळतात."

मी स्टोअरमधून पावडर आणली आणि ॲप्रन कोमट द्रावणात बुडवला.

"अहो, चांगला आहे तो!"

आम्ही दोघं बादलीवर वाकून बसलो. काही मिनिटं काहीच झालं नाही. मग जिथे ती हात पुसायची तिथे, कमरेच्या दोन्ही बाजूंना, कापड आधी पिवळसर झालं, मग तपकिरी. पुसट बोटं उमटू लागली. तिची बोटं. फोटो धुताना कागदावर चेहरा वर येतो तसे डाग स्वच्छ कापडातून वर येत होते.

"हात कशात बुडवतेस?"

"लोशनमध्ये. महिन्यापूर्वी नवीन आलंय ना." मग तिने बादलीतल्या डागांकडे पाहिलं. "मीच मागून घेतलं ते. जुन्या कार्बोलिकने बायकांना फार आग व्हायची."

प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायच्या या नव्या लोशनमध्ये क्लोरहेक्सिडीन नावाचं जंतुनाशक होतं. सुती कापडाला ते घट्ट धरून बसतं, साध्या धुण्याने पूर्ण जात नाही. एरवी दिसतही नाही. क्लोरीन भेटला की मात्र दोघांचं मिळून तपकिरी काहीतरी तयार होतं, आणि ते निघत नाही. ज्याने डाग जावा त्यानेच तो पडत होता.

शुक्रवारी व्यवस्थापकांच्या खोलीत मी दोन नवे फडके ठेवले. दोन्ही लोशनमध्ये भिजवून, धुऊन वाळवलेले. एक साबणाच्या पाण्यात टाकला, एक पावडरच्या. दहा मिनिटांनी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"मग ते लोशन बंद करा," व्यवस्थापक म्हणाले. "एवढं काय त्यात?"

कुसुम दाराशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "सर, लोशन राहू द्या. पावडर बंद करा. चादर थोडी पिवळी राहिली तर चालेल. बाईला आग नको."

व्यवस्थापकांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. बाईंनी बराच वेळ त्या तपकिरी फडक्याकडे पाहिलं. त्या स्वतः वीस वर्षं त्याच वॉर्डात होत्या.

"पण पांढरं कसं होणार?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच कोपऱ्यात उभ्या असलेल्या महादेवभाऊंना विचारलं.

"माहा बाप पावडर वापरेच नाई जी. सोड्यात उकळे अन् ओलंच गवतावर टाके. वाळलं का पाणी शिपडे. तीन दिवस ऊन खाऊ दिलं का दुधासारखं होते."

ते बरोबर आहे. ऊन, ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ब्लीचचंच काम करतात, फक्त सावकाश.

"गवतावर नाही!" बाई कडाडल्या. "दोरीवर."

"दोरीवर त दोरीवर."

डागाळलेल्या एकोणीस चादरी कधीच पांढऱ्या झाल्या नाहीत. त्यांची लंगोटं आणि पोछे झाले. शनिवार आला आणि गेला. महादेवभाऊ निवृत्तीपर्यंत त्या खोल्यांत राहिले. दोन्ही मुलींची लग्नं तिथूनच झाली. मेट्रनबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. सोमवारी एक टाइप केलेली सूचना आली: प्रसूती व शस्त्रक्रिया विभागाच्या कपड्यांना ब्लीचिंग पावडर लावू नये. वर लिहिलं होतं, 'श्री. महादेव यांस.' भाऊंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, आणि दरवेळी 'श्री.'पाशी थांबवलं.

पुढे इतकी वर्षं लॅबमध्ये काढली. डागांबद्दल मला कुणी विचारलं की एवढंच सांगतो: आधी कापडाला काय काय लागलं ते विचारा. माणसाला नंतर. आणि धुणारा म्हणाला, पावडर वाढवली तसा डाग वाढला, तर तिथेच थांबून ऐका. मी मंगळवारी ऐकलं असतं तर दोन दिवस वाचले असते, आणि एक ॲप्रन.