काशीदच्या पेटीतला सुळा

हातात जुना दगड आला की दातवाले सर आधी तो चाटायचे. बोर्ली पंचतनच्या भर बाजारातसुद्धा. "हाडाचा दगड झाला तरी तो जिभेला चिकटतो," असं सांगून तोंड पुसायचे. मासळीवाल्या हसायच्या, "सर, मीठ देऊ काय?"

सर माझे शेजारी, निवृत्त शिक्षक. लाखो वर्षांपूर्वीच्या वाघ-सिंहांचे दात शोधायला दर उन्हाळ्यात नर्मदेकाठी जायचे. मिळायच्या त्या बहुतेक गुराढोरांच्या दाढा. वाघाच्या जातीचा अखंड सुळा आयुष्यात एकच मिळाला. माझ्या बोटाहून लांब, पिकल्या सुपारीच्या रंगाचा. त्या दिवशी त्यांनी आळीत पेढे वाटले.

दुसरी सवय अपमान न विसरण्याची. कुणीतरी त्यांच्या छत्रीला हसलं होतं, तर त्याच्या ओटीवर ते पुन्हा बसले नाहीत. मी समजूत घालायचो, तर म्हणायचे, "अहो शेजारी, मीच विसरलो तर त्याला आठवण कोण करून देणार?"

त्यांच्या मेव्हण्याचं काशीदला रिसॉर्ट आहे. "महिनाभर ठेवतो, भावोजी," म्हणून त्याने सुळा नेला, तो काचेच्या पेटीत गेला आणि खाली शोधक म्हणून मेव्हण्याच्या नावाची पाटी लागली. आम्ही बघायला गेलो, तर पाहुण्यांसमोर म्हणतो, "हे आमचे भावोजी. माझं बघून यांनाही थोडा नाद लागलाय." सरांनी सुरमई शांतपणे खाल्ली, बडीशेप घेतली. परतताना एवढंच बोलले, "याला मी सोडत नाही."

प्रत्येक चांगल्या दाताचा साचा घेऊन ठेवायची त्यांची पद्धत होती. त्या साच्यात त्यांनी रेझिन ओतलं. सुपारीची सालं उकळून रंग चढवला. पण नक्कल हलकी. खरा सुळा चौऱ्याऐंशी ग्रॅम, हा माझ्या घरच्या वजनकाट्यावर एकोणचाळीस. मग कोळीवाड्यातून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणून आत भरल्या. दोन ग्रॅम जास्त झाले, तेव्हा मी पुन्हा करायला लावलं.

पुढच्या खेपेला सर मेव्हण्याला म्हणाले, "धूळ बसलीय रे. आण, धुऊन देतो." तो खूश. मी बादली धरली. पेटीत गेली ती नक्कल.

नंतर दर हंगामाला सर काशीदला जायचे. मेव्हणा पाहुण्यांना शिसं दाखवून पराक्रम सांगायचा आणि सर मान डोलवायचे. "वा! पुन्हा सांग!" इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी खरा सुळा माझ्या हाती दिला. "पाटीवर माझं नाव लागलं, तर गुपचूप परत ठेवा. नाही लागलं, तर तुम्हाला जमेल तसं छळा."

सर गेल्यावर मी काशीदला गेलो. म्हटलं, "आता तरी पाटीवर सरांचं नाव लावा."

मेव्हणा हसला. "भावोजी गेले. आता कुणाला काय फरक पडतो? तुम्ही रविवारी या. मुंबईहून मोठे जाणकार येतायत, माझा सुळा बघायला. पेपरवालेही बोलावलेत."

"नक्की येतो," मी म्हणालो.

सुळा रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलाय. त्या जाणकारांना मला एकच विनंती करायची आहे. साहेब, आधी जरा चाटून बघा.