थर्झाबाईंच्या बरण्या

इंग्लंडमधल्या लाँगटन गावात थर्झा माउंटफर्ड यांचं घर माझ्या घराला लागून होतं. मधली भिंत एकच, आणि तीही एका विटेची. एकवीस वर्षं मी चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. भट्टीतून निघालेला माल निवडायच्या खात्यात त्या मुख्य होत्या. भांडं तळहातावर घ्यायचं, पेराने टिचकी मारायची. खणखणलं तर उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडच्या पिंपात. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा तडा त्यांच्या कानाला कळायचा. ज्याचा माल पिंपात जाई तो कारागीर त्यांच्या नावाने बोटं मोडी, पण त्यांचा निकाल चुकला असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यांना नाद एकच होता, बिस्किटांच्या जुन्या बरण्यांचा. आमच्या पणज्यांच्या हातच्या, इथल्याच भट्ट्यांत भाजलेल्या चिनी मातीच्या बरण्या. अंगावर गुलाब नाहीतर पानवेली, वर चांदीचा मुलामा दिलेलं झाकण आणि उचलायला कडी. पहिली त्यांना चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली, झाकणाशिवाय. मग वेडच लागलं. मागच्या खोलीत विल्फने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, तीन भिंतींना फळ्या ठोकून दिल्या. बरणी कितीही देखणी असो, आवाज खणखणीत नसेल तर ती घरात येत नसे.

विल्फ खाणीतून निवृत्त झालेला, छातीत कोळशाची धूळ घेऊन. त्याला बरण्यांतलं काही कळत नसे, आणि तसं तो आल्यागेल्याला अभिमानाने सांगे. "अडतीस बरण्या आहेत घरात," तो मला म्हणायचा, "आणि चहाबरोबर बिस्किट मागितलं तर कागदाच्या पुड्यातलं मिळतं."

शनिवारी बाजाराच्या मागच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचे गाळे लागायचे. तिथला लेन कार्टलिज थर्झाबाईंना टरकून असे. सांधलेली बरणी त्याने अखंड म्हणून मांडली, की या येऊन टिचकी मारणार आणि चारचौघांत म्हणणार, "लेन, हिचं पोट दुखतंय रे." गिऱ्हाईक हसत निघून जाई.

शहात्तरच्या ऑक्टोबरात मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांनी एक पिवळ्या फुलांची बरणी उचलली, झाकण काढून माझ्या हातात दिलं आणि टिचकी मारली. बद्द. फुटक्या मडक्यासारखा आवाज. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्या समाधानाने मान हलवत होत्या. पुन्हा एकदा वाजवली. पुन्हा बद्द. "ही घेते," त्या म्हणाल्या. लेनचं तोंड उघडंच राहिलं. चहाच्या टेबलापाशी विल्फ कप हातात घेऊन उभा होता, त्यानेही ऐकलं. त्याने कप खाली ठेवला आणि बरणी पिशवीत घालून घरी नेली. आम्ही तिघंही गप्प राहिलो. मला अजून त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणी धुऊन, पाणी भरून टेबलावर ठेवली. दुपारी टेबलक्लॉथ चिंब झाला होता. त्यावर त्या विल्फला एवढंच म्हणाल्या, की आता माझे कान गेले. पुढच्या शनिवारी त्या बाजारात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी ओटची धिरडी घेऊन गेले तर दारातूनच घेतली. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं.

आणि मग भिंतीतून आवाज यायला लागला. रोज सकाळी. ठण्ण. थोडा वेळ शांतता. ठण्ण. मध्येच एक बद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, त्याच वाजवून बघतायत बिचाऱ्या. एकदा अंगणात विल्फ भेटला तेव्हा मी विचारलं.

"मी आहे तो," विल्फ खाली बघत म्हणाला. "शिकतोय. अडतीस चांगल्या आहेत आणि एक फुटकी. शाळाच आहे की घरात."

"थर्झाबाई काही म्हणत नाहीत?"

"ती पुढच्या खोलीत विणत बसलेली असते. तिला ऐकू कुठे येतंय, डोरीन."

सहा आठवड्यांनी दोघं शनिवारी हॉलमध्ये आली. टिचकी त्या मारायच्या, ऐकायचं त्याने. आवाज वाईट असेल तर विल्फने खोकायचं असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी त्याला खरीच उबळ आली आणि एक सुरेख निळी बरणी हातची गेली. त्या दिवशी थर्झाबाई रस्ताभर त्याला बोलत होत्या. मग खोकला रद्द झाला, आणि वाईट आवाज असेल तर तो त्यांच्या कोपराला हळूच चिमटा काढू लागला. हॉलमधल्या प्रत्येकाला हे कळलं होतं. लेनसुद्धा अशा वेळी आपला रेडिओ बंद करी. एक शब्द कुणी काढला नाही.

असे पाच हिवाळे गेले. बरण्या सत्तेचाळीस झाल्या. मग विल्फची छाती त्याला घेऊन गेली.

दफनानंतर काही दिवसांनी मी मागच्या खोलीत त्यांना फळ्या पुसायला मदत करत होते. सवयीने एका बरणीला टिचकी मारली. बद्द. शेजारचीला मारली, तीही बद्द. दोन्ही विल्फने पसंत केलेल्या. मी गडबडून त्यांच्याकडे वळले. त्यांनी माझं बोट पाहिलं होतं.

"अजून दोन आहेत तशा, त्या वरच्या फळीवर," त्या म्हणाल्या. "पाणी भरून बघितलंय मी. फार वाईट कान होता त्याचा."

मी मोठ्याने, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, की मग त्याला सांगितलं का नाहीत?

"तू त्याला ऐकताना पाहिलंस ना? टोपी काढायचा. डोळे मिटायचा. त्रेचाळीस वर्षांत माझ्याकडे इतकं लक्ष त्याने कधी दिलं नव्हतं." त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, फडक्याने तिचं पोट पुसलं. "मी का थांबवू त्याला?"

त्या चार बरण्या त्यांनी तिथेच राहू दिल्या, चांगल्यांच्या ओळीत.

पुढेही त्या शनिवारी जात राहिल्या, माझ्याबरोबर. बरणी उचलायच्या आधी लेनच सांगायचा. "ही नको थर्झा, हिचा तळ गेलाय." त्याच्या ओठांकडे बघून त्या मान हलवायच्या, आणि पुढच्या बरणीकडे वळायच्या.