वस्त्रगाळ राख
जळक्या भुसकटाचा वास आला, की मला आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत ज्वारीच्या भुसकटापासून सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण करायचं माझं काम चाललं होतं. ते वीज साठवायला वापरायचे होते. त्यासाठी हंगामातलं सगळं भुसकट मी गावी, घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडून, कोळशासारखं काळं होईपर्यंत भाजून ठेवलं होतं. भुसकटातल्या सिलिकाचं कार्बाइड व्हायला तो कोळसाच लागतो. प्रयोगशाळेतल्या भट्टीवर माझा नंबर दुसऱ्या दिवशी होता, म्हणून डबा न्यायला घरी गेलो, तर आई तापल्या फरशीवर बसून राख वस्त्रगाळ करत होती. "आरं, तुजं लई कच्चं राहिलं हुतं की! काळंकुट्ट. कढईत घालून चार दिस परत जाळलं, बग कशी पांढरीफेक झाली." कोळसा सगळा जळून गेला होता. तिच्या पापण्यांवरही राख बसली होती. पुढची ज्वारी निघायला अजून वर्ष होतं. "चांगलं झालं की न्हाय?" तिनं विचारलं. मी "व्हय" म्हणालो आणि तो डबा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. आता घरी वीज गेली आणि बाजारातून आणलेल्या इन्व्हर्टरवर दिवा लागला, की ती पाहुण्यांना सांगते, "मी चाळलेली राख हाय ह्यात." मी अजूनही "व्हय" म्हणतो.