दाबा आणि सोडा

माझे यजमान आधी बैलगाडीवर सागवान वाहत. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून गाडीवान चाकाच्या आऱ्यांत आडवा दांडा घालतात. चाक जाम होते, घासत जाते, गाडी आवरते. यांनी वर्षानुवर्षे तेच केले. मग ठेकेदाराने त्यांना ट्रकवर घेतले.

शिकवणारा म्हातारा ड्रायव्हर आमच्या ओसरीवर चहा पीत म्हणाला, "ब्रेकवर उभा काऊन राह्यतं बाबू? दांडा घालून राह्यला का? चाक फिरत असन तरच स्टेअरिंग ऐकते. जाम झालं का गाडी घसरते, मंग तू कुठीबी वळव. दाब, सोड, दाब, सोड."

"चाकालेच समजलं पाहिजे, आपण जाम झालो म्हणून," हे म्हणाले. "त्यानंच सोडावं."

"तशी गाडी निघन तवा निघन. सध्या तुह्या पायाले समजू दे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे चुलीपाशी बसून विटेवर पाय दाबत. मला म्हणत, "मी दाबला का तू म्हण, सोडा." सासूबाई तिथेच तांदूळ निवडत असायच्या. त्यांच्या देखत नवऱ्याला हुकूम कसा करणार? मी नुसत्या बांगड्या वाजवायची. पुढे यांना त्याचीच सवय झाली. बांगड्या वाजल्या की पाय सुटे.

दिवाळीनंतर मला माहेरी सोडायला यांनी ट्रकमध्ये बसवले. मागे लाकूड भरलेले, दाराशी ठेकेदाराचे दिवाणजी, मध्ये मी. अवकाळी पावसाने उतार चिकट झाला होता. खाली नाल्याचे वळण दिसले आणि यांनी ब्रेक दाबला. दाबूनच धरला. चाके थांबली, ट्रक थांबला नाही. हे स्टेअरिंग फिरवत होते आणि ट्रक सरळच चालला होता.

मला कळले होते. शब्द ओठांपर्यंत आला, पण परक्या पुरुषासमोर तोंड उघडेना. मी बांगड्या वाजवल्या. इंजिनाच्या आवाजात त्या मलाच ऐकू आल्या नाहीत.

ट्रक मोहाच्या झाडावर आदळला. मला आणि दिवाणजींना नुसते खरचटले. यांचा डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

आता हे ओसरीवर बसून असतात. रस्त्याने ट्रक उतरू लागला की यांचा उरलेला पाय जमिनीवर दाबला जातो आणि तसाच राहतो. सासूबाई गेल्या. घरात ऐकणारे कोणी नाही. मी मोठ्याने म्हणते, "सोडा." हे माझ्याकडे पाहतात. पाय काही सुटत नाही.