सर अजून कार्यमुक्त नाहीत

आमच्या मोठ्या बाईंच्या परवानगीशिवाय त्यांच्या शाळेतून आजवर कुणी बाहेर पडलेलं नाही. जिवंत माणसांचं सोडाच, एका मेलेल्या माणसालाही त्यांनी कितीतरी महिने थांबवून ठेवलं होतं, आणि तो माणूस थांबला होता. हे मी बी.एस्सी. बी.एड. झालेली बाई लिहिते आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील डेअरीला दूध घालतात, मी शास्त्र शिकवते. तेव्हा कुणीतरी सांगितलं आणि मी लिहिलं, असला प्रकार नाही. बघितलं तेवढंच सांगणार आहे.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. शाळा कोल्हापूरहून जोतिबाकडे जाणाऱ्या वाटेला, रस्त्यापासून आत, उसात बुडालेली. ऊस उंच झाला की रस्त्यावरून नुसती कौलं दिसतात आणि मधूनच पाढ्यांचा आवाज येतो. नवख्या माणसाला वाटतं, ऊसच पाढे म्हणतोय. बाई मूळच्या मुरगूडच्या, त्यामुळे बोलणं 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असं, आणि आवाज असा की प्रार्थनेला माईक लावायची गरज कधी पडली नाही. बाईंनी 'गप्प बसा' म्हटलं की शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरसुद्धा बंद पडतो, असं पोरं म्हणायची. एकदा खरंच पडला होता. डिझेल संपलं होतं, असं ट्रॅक्टरवाला पुढे सगळ्यांना सांगायचा. पण त्या दिवसानंतर तो आमच्या कुंपणाच्या बाजूची नांगरट रविवारीच करायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभेत बाई सहामाहीचा अहवाल द्यायच्या. हातात कागद नसायचा. "कागदावर आलं की माणूस वाचतंय आणि इसरतंय," हे त्यांचं मत. अहवालाचे विषय तीन: शाळेतली माणसं, पोरांच्या तब्येती आणि इमारत. या तिन्हीबद्दल बाईंना जे कळायचं ते कुठून कळायचं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. आता करत नाही.

तब्येतींचंच बघा. बाई सकाळी फाटकात उभ्या राहून प्रत्येक पोराची जीभ आणि नखं बघायच्या. आरोग्य केंद्रातून पोरींचं रक्त तपासून गेले, तेव्हा ज्या ज्या पोरींचं रक्त कमी निघालं, त्या सगळ्यांच्या दप्तरात बाईंनी आदल्या आठवड्यातच गूळ-शेंगदाण्याची पुडी घातलेली होती. इथवर ठीक होतं. नजर तयार होते माणसाची. पण बाई एखाद्या खेळत्या पोराला थांबवून म्हणायच्या, "तू उद्या येऊ नको," आणि पोरगं दुसऱ्या दिवशी तापाने फणफणायचं. एकदा एका पोराचा बाप भांडायला आला. म्हणाला, "बाई, पोरगं धडधाकट हाय. सकाळी भाकरी खाऊन आलंय."

"पावणं, मी आजचं बोलायलोय व्हय?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मी उद्याचं बोलायलोय."

तिसऱ्या दिवशी तोच बाप बाईंना दवाखान्याची चिठ्ठी दाखवायला आला आणि चिठ्ठी हातात धरून नुसताच उभा राहिला. त्यानंतर आयांनी एक युक्ती काढली. बाईंनी जीभ बघितली की ताप येतो, तर जीभच दाखवायची नाही. पोरं तोंड मिटून, मागच्या बांधावरून, उसातून यायला लागली. पहिल्याच दिवशी बाई बांधावर उभ्या. "तोंड मिटलं म्हणून ताप ऱ्हातोय व्हय? काढा जिभा." ऊस दोन्ही बाजूंनी सळसळतोय, आणि पोरं रांगेत जिभा काढून उभी. लांबून बघितलं तर वेगळंच काहीतरी चाललंय असं वाटलं असतं.

इमारतही त्या अशीच तपासायच्या. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायच्या, कान लावायच्या आणि सांगायच्या, "ही भिंत रातभर झोपली न्हाय." इंजिनिअर येऊन भिंत ठणठणीत म्हणून गेला. बाईंनी गवंड्याला बोलावून तिथलाच गिलावा काढायला लावला, तर आतली चौकट वाळवीने खाऊन नुसती सालपटासारखी उभी होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून मीही एकदा प्रयोगशाळेच्या भिंतीला कान लावला. आत कुणीतरी संथ श्वास घेत होतं. माझाच श्वास असणार. शास्त्र शिकवते म्हणून सांगते, माझाच असणार.

ही प्रयोगशाळा शाळेचा सगळ्यात जुना भाग, आणि छप्पर पार खचलेलं. गावातले एक पुढारी आपल्या वडिलांच्या नावाची स्वागतकमान द्यायला तयार होते, छपराला नाही. बाई म्हणाल्या, "कमानीतनं पोरं झोकात आत येतील आणि आत येऊन भिजतील. छप्पर करा, तुमच्या वडलांचं नाव कौलावर घालतो. कावळं वाचतील." पुढारी गेले ते गेलेच. शेवटी माजी विद्यार्थ्यांनी आपापसांत निधी उभा केला. त्यांची अट एकच, आणि रास्त: प्रयोगशाळा कुणाच्या ताब्यात राहणार त्या शिक्षकाचं नाव सांगा.

इथेच सगळं अडलं. कारण बाईंच्या मते प्रयोगशाळा शास्त्राच्या सरांच्या ताब्यात होती, आणि सर वारले होते.

सरांना मी पाहिलेलं नाही. उभी नोकरी त्या खोलीत काढलेला, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस, असं ऐकलंय. कपाटाच्या किल्ल्या करदोट्याला बांधून ठेवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत, घरी, दुपारचे झोपले ते उठले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पोरं बावरलेली. बाईंनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "शास्त्राचे सर हायेत. कुणी रडायचं कारण न्हाय." आणि तासावर पैसे मिळतील अशा बोलीने मला घेतलं. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं, एक स्टूल दाखवलं आणि म्हणाल्या, "तू हितं बसायचं. सरांच्या हाताखाली ऱ्हायाचं. खुर्चीवर बसू नको, सर बसल्यात."

मला हसू आलं होतं. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं.

कपाटाला कुलूप, किल्ल्या सरांच्या घरीही सापडल्या नाहीत. आत सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, सगळं. मी परीक्षानळी फळ्यावर काढून शिकवायची. मधल्या सुट्टीत आमचे शिपाई मामा प्रयोगशाळेच्या टेबलावर सरांचा चहा ठेवायचे, बाईंचा हुकूम म्हणून. घंटा झाली की कप रिकामा. मला मामांचा संशय, मामांना माझा, आणि मग आम्हा दोघांना मांजराचा. एकदा मी आणि मामा सबंध सुट्टीभर त्या खोलीच्या एकुलत्या एका दारात उभे राहिलो, बाहेर तोंड करून. आत बघायचं धाडस दोघांतही नव्हतं. कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही. घंटा झाल्यावर मामांनी कप उचलला. रिकामा, आणि अजून कोमट. मामांनी तो उलटा करून बघितला आणि मग आदराने म्हणाले, "मॅडम, बाष्पीभवन म्हंत्यात ते ह्येच काय?"

मी म्हणाले, "नाही मामा. ते हे नव्हे."

भीती वाटायची, नाही असं नाही. पण त्याहून मोठं दुखणं दुसरंच होतं. संस्था नेमणूक देते ती रिकाम्या जागेवर, आणि बाई म्हणत होत्या, जागा रिकामी नाही. म्हणजे मी कायम स्टुलावर. वडील डेअरीत सगळ्यांना सांगायचे, पोरगी हायस्कूलला शास्त्र शिकवते; आणि मी घरी येऊन कपाटातल्या वस्तूंची चित्रं काढत बसायची. शहरातल्या एका क्लासने मला बोलावलं होतं. दिवाळीच्या पालकसभेच्या आदल्या दिवशी मी सरळ बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, सर वारलेत. दिवसांच्या जेवणाला तुम्ही स्वतः होता."

"व्हय. वाढलो की मी. बुंदी लई गोड झालती."

"मग?"

"मग काय? माणूस घरातनं गेलं म्हणजे शाळेतनं गेलं व्हय? निरोप झाला न्हाय, शाल-नारळ न्हाय, चार्ज कुणाला दिला न्हाय. चार्ज दिल्याबिगर मास्तर मोकळा हुतोय व्हय? मी त्यास्नी सोडलोच न्हाय अजून."

"तर मग मला सोडा," मी म्हणाले. "मी दिवाळीनंतर येणार नाही. दोघांना एका खुर्चीवर बसवता येत नाही तुम्हाला."

बाईंनी माझी जीभ बघायला मागितली. मी दाखवली. "बरी हाईस," एवढंच म्हणाल्या, पण आवाज लागला नाही नीट. त्या खोलीत पहिल्यांदाच मला बाहेरच्या उसाचा आवाज ऐकू आला.

सभा प्रयोगशाळेतच होती. छप्पर सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. पालक दाटीवाटीने बसले, पुष्कळसे सरांचेच जुने विद्यार्थी. दोन-तीन माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, पण खुर्ची कुणी घेतली नाही. बाईंनी तब्येती सांगितल्या. इमारत सांगितली. माणसांचा विषय आला तसा साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक माजी विद्यार्थी उठला. "बाई, निधी तयार हाय. ताब्यात कुणाच्या द्यायची शाळा... म्हणजे प्रयोगशाळा? नाव सांगा की."

बाई खुर्चीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मामा, माझ्या टेबलाच्या खालच्या खणातलं आण."

मामांनी आणली ती शाल होती. घडीच्या कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणजे जूनपासूनच ती तिथे होती. सोबतचा नारळ पार वाळून आत गुडगुडत होता. बाई खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि पदर खांद्यावरून घेतला.

"सर, लई थांबवून ठेवलो तुमास्नी. तुमी गेला म्हंटलं असतं तर ही जागाच गेली असती असं वाटलं, आणि पोरं शाळा सोडून उसात कामाला गेली असती. म्हणून धरलो." मग माझ्याकडे हात केला. "ही पोरगी हाय. हट्टी हाय, उलट बोलतीया. पर पोरास्नी मारत न्हाय, आणि ठावं न्हाय ते ठावं न्हाय म्हणून सांगतीया. हिला चार्ज द्या. मोकळं व्हा आता."

शाल त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली. त्या खुर्चीची पाठ वापरून गुळगुळीत झालेली; साधा डस्टरचा फडकासुद्धा तिच्यावरून घसरतो. शाल घसरली नाही. दोन खांद्यांवर बसावी तशी बसली. सगळे उठून उभे राहिले, कुणी न सांगता. टोप्या उतरल्या. पोरं प्रार्थनेला उभी राहतात तशी मोठी माणसं हात जोडून उभी होती, आणि कौलांवरून काहीतरी हलकं चालत गेल्यासारखा आवाज आला. मांजर असेल.

सगळे बाहेर पडल्यावर मी सवयीने कपाटाची कडी ओढली, रोज ओढायची तशी. कपाट उघडलं. कुलूप कडीलाच लोंबत होतं, उघडं. आतल्या फळ्यांवर धुळीचा थर होता. सूक्ष्मदर्शक मात्र पुसलेला, काच अशी की माझा चेहरा त्यात दिसला.

सुट्टी संपून शाळा भरली. मामांनी सवयीने चहा ठेवला. घंटा झाल्यावर बघतो तर कप भरलेला, वर जाड साय. मामांनी बाईंना बोलावून आणलं. बाई कपाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गेले की." मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, स्वतः माझ्या स्टुलावर बसल्या आणि तो गार चहा सायीसकट पिऊन टाकला. छप्पर झालं, नेमणूक झाली. क्लासवाल्यांना मी फोन केला, की जमत नाही.

आता बाई निवृत्त होऊन मुरगूडला असतात. नवे मुख्याध्यापक सर अहवाल पडद्यावर दाखवतात. सगळ्या जागा भरलेल्या, सगळं ठीक. बाईंच्या निरोपाची आम्ही जय्यत तयारी केली होती, पण त्या दिवशी शाल बघताच बाई उठल्या, स्कूटी काढली आणि "नारळ तुमीच खावा" असं ओरडून गेल्या. चार्ज त्यांनी दिलाच नाही कुणाला. अधूनमधून फोन येतो. उत्तरेची भिंत बघ. आठवीतल्या त्या बुटक्या पोरीला उद्या घरी ठेवायला सांग. मी सांगते, त्यांना कसं कळलं ते विचारत नाही. मामा सकाळी फाटकाजवळच्या कट्ट्यावर एक कप ठेवतात, का ते त्यांनी मला सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात फोनवर बाई एकाएकी म्हणाल्या, "मामाला म्हणावं, चहात साखर लई व्हायलीया हल्ली. मला सोसत न्हाय."

मी मामांना साखर कमी करायला सांगितली. बाईंसाठी आणलेली शाल माझ्या कपाटात आहे. नवे सर मध्ये एकदा म्हणाले, मुरगूडला जाऊन रीतसर निरोप देऊन येऊ. मी म्हणाले, जाऊ की. पण कपाटाची किल्ली सापडत नाही सध्या.