दोन खड्डे आणि तांब्याभर पाणी

लग्नकार्यात सुनांची ओळख करून देताना आमच्या सासूबाईंची माझ्यापाशी येऊन पंचाईत व्हायची. थोरली शाळेत शिकवते, धाकटी शिवणाचे क्लास घेते, हे त्या झोकात सांगायच्या. मधली म्हणजे मी. माझ्यावर आल्या की जरा घुटमळायच्या आणि म्हणायच्या, "ही खेड्यापाड्यांत फिरते. सरकारी कामासारखंच असतं काहीतरी." खरं म्हणजे मी लोकांना संडास बांधायला शिकवत होते. पण पंगतीत बसलेल्या बायकांना हे सांगायचं कसं?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरात आमची एक लहानशी संस्था होती, दोन खोल्या आणि मागं पत्र्याची शेड. दारावर 'पाणी व स्वच्छता : सल्ला व प्रशिक्षण' अशी पाटी होती. शेडमध्ये आम्ही गवंड्यांना प्रशिक्षण द्यायचो आणि गावोगाव जाऊन लोकांना सल्ला. तो सल्ला कुणी मागितलेला नसायचा, ही गोष्ट वेगळी. विहिरीत औषध कसं टाकावं, सांडपाण्याची डबकी कशी मोडावीत, इथवर लोक मान डोलवायचे. संडासाचं नाव काढलं की बाप्ये उठून तंबाखू मळायला बाहेर जायचे आणि बाया पदरात हसायच्या.

दाखवण्यासाठी मी सिमेंटचं एक भांडं घेऊन फिरत असे. संडासात बसवतात ते भांडं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. एसटीत ते मांडीवर घेतलं की शेजारची बाई कौतुकानं विचारायची, देवाची मूर्ती हाय काय? मी खरं ते सांगायची. मग पुढच्या थांब्यापर्यंत ते सगळं बाकडं माझं एकटीचं. त्यामुळे कितीही गर्दी असली तरी माझा प्रवास ऐसपैस व्हायचा.

एका गोष्टीचा मात्र त्रास होता आणि ती मी घरातसुद्धा कधी बोलले नाही. सकाळी निघताना मी पाणी पीत नसे. चहाही अर्धाच कप. दिवसभर गावात फिरायचं, सांजच्या गाडीनं परतायचं आणि मधे कुठे बाईमाणसाला जाता येईल अशी जागा नसायची. संडास किती गरजेचा आहे हे सांगत फिरणारी मी, दिवसभर घसा कोरडा ठेवून सांगत असे. आमच्या संस्थेत सगळे पुरुष. त्यांना ही अडचण कधी सुचली नाही आणि त्यांना सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.

शिरोळकडच्या एका गावात आम्ही पहिल्यांदा गेलो ते ऊसतोडीच्या दिवसांत. नदीकाठची काळीभोर जमीन. ज्या घरी आमची बैठक होती तिथला मालक म्हणजे एक उंच, कडक आवाजाचा म्हातारा शेतकरी. गावच त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणू लागले. घरात मुलगा, सून, नातवंडं आणि एक विशीतली मुलगी. मामांचं हे शेंडेफळ. लहानपणी पोलिओ होऊन एक पाय वाळलेला. गुडघ्यावर हात दाबत, पाय ओढत चालायची, पण घरभर तिचाच वावर.

आल्या आल्या तिनं गूळपाणी आणलं. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी गुळाचा खडा हातावर ठेवतात. मी गूळ तोंडात टाकला आणि सवयीनं पाण्यानं नुसते ओठ ओले केले. तिनंही आमच्याबरोबर एक खडा उचलला. ऊन मरणाचं होतं, चुलीपुढून उठून आल्यामुळे ती घामानं भिजलेली. पण तांब्याला काही तिनं हात लावला नाही.

मी शिकवायला आलेली बाई, गप्प थोडीच बसणार? "गूळ खाल्ला, वर पाणी नको का प्यायला?" ती नुसती हसली. मी पुन्हा म्हटलं, "उन्हाळी लागेल अशानं." तेव्हा सुनेनं मला चुलीकडे बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं.

"ती दुपारपास्नं पानीच पीत न्हाय, बाई. पानी प्यालं की जावं लागतंय. ऊस हुबा हुता तवर जवळ आडोसा हुता. आता तुटला. लांब वड्याकडं जायाचं, ते बी अंधार पडल्यावर, आनि मी संगं असल्यावर. गेल्या पावसाळ्यात चिखलात पडली. तवापास्नं तिनंच कमी केलंय. मला तरास नको म्हून."

तिला मी उन्हाळीचं व्याख्यान दिलं होतं! मी स्वतः का तहानलेली आहे हे मला ठाऊक होतं, पण मी निदान संध्याकाळी घरी जाऊन दोन तांबे पिऊ शकत होते. ही पोर रोजच अशी.

त्या दिवशी मी बैठकीत काय बोलले ते आठवत नाही, पण जरा जास्तच जोरात बोलले असणार. सगळे उठून गेल्यावर मामा म्हणाले, "बाई, आमच्या घरामागं परड्यात बांदा एक. पोरीपायी बांदतोय. गाव हसंना का." त्यांचा आवाज कडक होता, पण लेकीकडे न बघता बोलले, तेव्हाच मला कळलं की हे सगळं त्यांच्याही मनाला लागून होतं.

आमच्याकडे शिकलेल्या गवंड्यानं काम केलं. पद्धत सोपी असते. एक भांडं आणि मागं दोन खड्डे. भांड्यातून नळ निघतो, तो चेंबरपाशी दोन वाटांनी फुटतो. त्यातली एक वाट विटेनं बंद ठेवायची. पहिला खड्डा भरला की वीट हलवायची, दुसरा चालू करायचा आणि पहिला झाकून वर्ष-दीड वर्ष निवांत ठेवायचा. तेवढ्यात आतल्या मैल्याची माती होते, वास ना काही, घरच्या माणसानं फावड्यानं काढावी. नदीकाठी खाली पाणी लवकर लागतं म्हणून तिथं खड्डे उथळ ठेवावे लागले. मी मामांना चेंबर उघडून वीट दाखवली. त्यांनी तंबाखूला चुना लावता लावता मान डोलवली. मला वाटलं, उतरलं गळी.

पुढं दोनेक पावसाळे माझं त्या बाजूला जाणं झालं नाही. गवंड्याकडून कळायचं, बरं चाललंय, पोरगी खुशीत हाय. मग एकदा जवळच्या गावी प्रशिक्षण होतं तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. मामांनी "या, या" केलं. मुलगी गूळपाणी घेऊन आली. मी गूळ घेतला, ओठ ओले केले. तिनं खडा तोंडात टाकला आणि तांब्या माझ्यापुढे सरकवून हात मागे घेतला.

कुणी काही सांगायच्या आत मला कळलं की संडास बंद आहे.

परड्यात जाऊन बघते तर दोन्ही खड्डे तोंडोतोंड. चेंबर उघडलं, आत वीट नव्हती. दोन्ही वाटा सताड मोकळ्या. मी कपाळाला हात लावला. "मामा, वीट कुठं गेली?"

"काडली की," मामा म्हणाले. "येकाच्याच मानंवर सगळा भार कशाला? दोन बैलं दावनीला असल्यावर येकच जुपतंय व्हय कोन? दोगंबी जुपली."

मला हसावं की रडावं कळेना. शेतकऱ्याचा हिशेब चोख होता, फक्त खड्ड्याला तो लागू पडत नव्हता. एकानं विसावा घ्यायचा तेव्हाच दुसऱ्यानं ओढायचं, हीच तर सगळी गंमत होती. आता दोघंही एकदमच बसले होते, आणि आतलं सगळं ताजं. मी ते समजावून सांगितलं. तिसरा खड्डा काढा, नळ तिकडं वळवा, हे दोन झाकून ठेवा, यांची माती होईल.

मामांचं डोकं फिरलं. "दोन भरलं. उद्या तिसराबी भरंल. मग चौथा. मी ऊस लावू का खड्डंच खनत बसू? आनि माती हुतीया म्हनं. कुनी बगितलीया माती?" मग जरा थांबून म्हणाले, "शेरातनं मानूस आनतो, त्यो काडून न्हील."

आता माझं डोकं फिरलं. शहरात डोक्यावर मैल्याच्या पाट्या वाहणारी माणसं मी रोज पाहत होते. ती पाटी कुणाच्याही डोक्यावर चढू नये म्हणून तर आमचा हा खटाटोप होता. "तसा माणूस आणलात तर मी या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "कोंबड्या कोंडतो त्यात. पोरगी जाईल पयल्यासारखी."

मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्यामागून परड्यात आणलेला भरलेला तांब्या तिनं तसाच आत नेऊन ठेवला. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिनं आधीच सगळं मान्य करून टाकलं होतं, याचाच मला अतोनात राग आला.

परड्याच्या भिंतीला कुदळ टेकवलेली होती. मी पदर खोचला, कुदळ उचलली आणि खणायला लागले. ही काही युक्ती नव्हती. युक्ती सुचण्याइतकं माझं डोकं थाऱ्यावरच नव्हतं. मला खणता येतच नव्हतं. काळ्या मातीत कुदळ रुतली ती निघेना, बांगड्या मात्र वाजत राहिल्या.

"अवो बाई, काय करतासा? ठिवा ती खाली," मामा धावत आले. "पावन्यानं माझ्या दारात कुदळ मारायची? गाव शेन घालंल माझ्या तोंडात."

"मी पाहुणी नाही. मी सल्लागार आहे."

"मग सल्ला द्या की. कुदळ कशाला?"

"सल्ला देऊन झाला," मी म्हटलं आणि कुदळ उपसण्यासाठी पुन्हा जोर लावला.

मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. आमच्या भागात पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, ताट उचलू देत नाहीत, आणि त्या दारात एक पाहुणी घामाघूम होऊन खड्डा खणतेय, गडग्यावरून शेजारी बघतायत. त्यांना ते सोसणं शक्यच नव्हतं. शिव्या देत देत ते स्वतः खणायला लागले. म्हातारा खणतोय हे बघून रानातून मुलगा आला, त्याच्या मागून शेजारचे दोघे. दुपार कलेपर्यंत खड्डा कमरेएवढा झाला होता. मला मामांनी बाजेवर बसवलं होतं आणि समोर भाकरी आणि खर्डा ठेवून, "गप जेवा" म्हणून दम दिला होता. मी गप जेवले. गवंड्यानं दोन दिवसांनी नळ वळवला आणि वीट पक्की बसवली.

वर्ष उलटून वर काही महिने गेले असतील. गवंडी शेडवर आला तो निरोप घेऊनच. "मामांनी बलावलंय. खड्डा उगडायचाय. तुमी आल्याबिगर उगडनार न्हाय म्हंत्यात."

मी पोहोचले तर परड्यात निम्मं गाव. बायांनी पदर नाकाला लावलेले, पोरं गडग्यावर चढलेली. अनेक ठिकाणी मी ती माती हातात घेऊन दाखवली होती, पण इथं जर ओल राहिली असेल, जर पुराचं पाणी झिरपलं असेल, तर या पोरीचा संडास कायमचा गेला. पुन्हा कुणी माझं ऐकणार नव्हतं.

मामांनी झाकण सरकवलं. फावडं मारलं. काळसर, भुसभुशीत काहीतरी वर आलं. मी पुढं झाले, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं. पाहुणीला हात लावू देणार नव्हते. मग ते स्वतः खाली बसले, मूठभर उचललं, बोटांनी चुरलं आणि नाकाशी नेलं. पेरणीआधी शेतातलं ढेकूळ घेऊन बघावं तसं.

"माती हाय," मामा म्हणाले. मग मुलाकडे वळून, "वांग्याच्या वाफ्यात टाक."

"वांग्यात नगं," सून घाईनं म्हणाली. "केळीला घाला."

सगळे हसले, मामासुद्धा. बायांनी पदर खाली केले. दोघी-तिघी पुढं येऊन वाकून बघू लागल्या आणि एकीनं मला विचारलं, आमच्या परड्यात बसंल काय वो हे? मी तिला खड्ड्याची मापं सांगू लागले.

सोप्यात येऊन बसले तशी मुलगी गूळपाणी घेऊन आली. या वेळी तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि उभ्यानंच वरून घटाघटा प्याली. पाणी हनुवटीवरून गळ्याशी आलं ते पदरानं पुसलं. तांब्या पुन्हा भरून माझ्यापुढे धरला.

मी गूळ घेतला आणि सवयीनं ओठ ओले करून तांब्या खाली ठेवायला लागले. तिनं माझा हात धरला.

"बाई, सगळं प्या की."

"पुरे गं. तहान नाही."

"पयल्या दिसापास्नं बगतोय मी," ती म्हणाली. "तुमी नुस्तं ओठ ओलं करतासा. मीबी तसंच करत हुतो. मला कळत न्हाय व्हय?" मग ती हळूच, फक्त मला ऐकू येईल अशी म्हणाली, "हितं सोय हाय. प्या."

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्याले. खाली ठेवला तेव्हा ती समोर नव्हती. पाय ओढत हौदाकडे गेली होती, माझ्यासाठी बादली भरायला.